अप्पांच्या अँबेसिडरचा कार्ब्युरेटर : जानेवारी ते ऑक्टोबर

२१ मार्च २०२० च्या संध्याकाळी अप्पा, माझे वडील, पन्हाळ्याच्या बाजूच्या एका वाडीवरून अडलेली म्हैस सोडवून परत आले, गाडी शेडमध्ये लावली आणि किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू, मग लॉकडाऊन. पुढच्या एप्रिलमध्ये अप्पा गेले. गाडी तिथेच उभी राहिली.

१९८४ ची अँबेसिडर, मार्क फोर. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, नंबर जुना तीन अक्षरी. अप्पांनी गुरांच्या डॉक्टरकीची सगळी वर्षं याच गाडीतून काढली. डिकीत कायम दोर, गमबूट आणि औषधांची लाकडी पेटी. शेडचं दार उघडलं की अजूनही तोच वास यायचा, आणि म्हणून मी ते दार फारसं उघडत नव्हते.

हे लिहितेय कारण सुरुवात करताना मला काहीच माहीत नव्हतं. कुणी सांगायचं, ‘इंजिन खाली घ्यावं लागेल’, कुणी म्हणायचं, ‘भंगारात द्या.’ खरं दुखणं मुख्यतः कार्ब्युरेटरचं, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचं, आणि त्याच्यापर्यंत येणाऱ्या पेट्रोलचं होतं. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी झाकून ठेवलेली आहे, त्यांना क्रमाने काय काय येतं ते कळावं, एवढ्यासाठी तारखा आणि खर्च टिपून ठेवले होते.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण घाई त्यामुळेच झाली. गाडी माझ्या नावावर करायचं काम २०२२ मध्येच उरकलं होतं. मालकाच्या निधनानंतर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, आई आणि भावाचं ना हरकत प्रतिज्ञापत्र. आमचं आरसी म्हणजे जुनं पुस्तक, ऑनलाइन यंत्रणेत गाडीची नोंदच नव्हती. आधी आरटीओत अर्ज देऊन ती ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागली, त्यातच पाच आठवडे गेले. तुमच्या गाडीचा नंबर परिवहनच्या पोर्टलवर दिसत नसेल तर बाकी काही करण्याआधी हे काम हातात घ्या.

आरसीची मुदत होती १८ नोव्हेंबर २०२४. पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी स्वतःच्या चाकांवर तपासणीला न्यावी लागते. म्हणजे हातात दहा महिने.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारी २०२४ ला, शेड उघडलं. त्याच आठवड्यात एका गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने बोनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, ‘एसयू कार्ब्युरेटर आता कुणी नीट करत नाही, काढून दुसरा बसवू, अकरा हजार.’ एसयू ही आमच्या गाडीतल्या कार्ब्युरेटरची जात. माझं मन होईना. लहानपणी रविवारी सकाळी अप्पा याच कार्ब्युरेटरच्या डोक्यावरची काळी टोपी फिरवून काढायचे, आतली बारीक दांडी पुसून माझ्या हातात द्यायचे आणि तेलाच्या डबीतून चार थेंब सोडायचे. तोवर मी ती टोपी दोन्ही हातांत धरून उभी असायचे.

मग शोधत शोधत अप्पांचे जुने मिस्त्री सापडले. वय अठ्ठ्याहत्तर, गॅरेज मुलाने बंद करून तिथे मोबाइलचं दुकान काढलेलं. मी गाडीचा नंबर सांगितला आणि ते लगेच म्हणाले, ‘डॉक्टरांची गाडी हाय ती. ताई, मला आता वाकता येत न्हाई. तुम्ही हात लावणार असाल तर मी खुर्चीवर बसून सांगतो.’ असं ठरलं. दर शनिवारी सकाळी मी त्यांना स्कूटीवरून आणायचं, दुपारी सोडायचं.

पहिल्या शनिवारी कार्ब्युरेटरला हातच लावू दिला नाही. आधी बॅटरी काढून बाहेर ठेवली. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडलं आणि दोन दिवस तसंच राहू दिलं. मग पुढून हँडल लावून हळूच फिरवलं. पहिल्यांदा अडल्यासारखं झालं आणि माझ्या पोटात गोळा आला. पण जोर न लावता मागे-पुढे केल्यावर इंजिन मोकळं फिरलं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला नवी बॅटरी लावून थेट स्टार्टर मारू नका. इंजिनातल्या पिस्टनच्या रिंग चिकटलेल्या असतील तर तिथेच मोठं नुकसान होतं.

दुसऱ्या शनिवारी टाकी. खालचा ड्रेन प्लग सोडला आणि जवळजवळ नऊ लिटर पातळ, तांबूस, आंबट वासाचं काहीतरी आलं. त्याला पेट्रोल म्हणवत नव्हतं. काचेच्या बरणीत थोडं घेऊन ठेवलं, तर तासाभरात तळाला वेगळा थर दिसायला लागला. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी एका प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं. टाकीचा पत्रा तिथेच गंजतो. हे इथेनॉल आमच्याच भागातल्या साखर कारखान्यांत मळीपासून आणि उसाच्या रसापासून तयार होतं. उसावर वाढलेल्या घरातली मी, मला त्याचं वाईट वाटायचं काही कारण नाही. पण १९८४ च्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते, एवढं जुन्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवायला हवं. टाकी उतरवून आतून धुऊन घेतली, पंधराशे रुपये. नळ्या सगळ्या बदलल्या. दुकानात नुसतं ‘पेट्रोल पाइप द्या’ म्हणू नका, इथेनॉलला टिकणारा पाइप मागा. महाग असतो, पण आतून फुगून त्याचे कण कार्ब्युरेटरमध्ये जात नाहीत. पाइप आणि फिल्टर मिळून ६२० रुपये.

३ फेब्रुवारीला कार्ब्युरेटर इंजिनवरून उतरवला. चोकची तार, एक्सलेटरची दांडी, पेट्रोलची नळी, दोन नट. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला आणि प्रत्येक स्क्रू, वॉशर, स्प्रिंग वेगवेगळ्या वाटीत ठेवून वाटीवर आकडा लिहिला. आईच्या हळदीकुंकवाच्या सगळ्या लहान वाट्या संपल्या.

फ्लोट चेंबरचं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीचं, झाकण उघडलं आणि आत काकवी होती. दुसरा शब्द सुचत नाही. गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेला जशी घट्ट, तपकिरी, चकाकणारी काकवी साचते, तसा तळाशी बोटभर थर. चार वर्षांत पेट्रोलमधलं हलकं ते उडून गेलं होतं आणि जड ते राहिलं होतं. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट त्यात चिकटलेला, आणि पेट्रोल आत सोडणारी बंद करणारी छोटी सुई वरच्या बाजूला अडकून बसलेली.

एसयू कसा चालतो ते मला मिस्त्रींनी त्या दिवशी समजावलं, आणि ते समजल्यावर माझी भीती निम्मी गेली. इतर बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, एक जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक), वेगाला दुसरा, मध्ये आणखी बारीक वाटा असतात. एसयूमध्ये जेट एकच. वर घुमटासारखा डॅशपॉट, त्याच्या आत एक पिस्टन, पिस्टनच्या तळाला लांब, निमुळती निडल, आणि ती निडल खालच्या जेटमध्ये उतरलेली. इंजिनाने हवा ओढली की पिस्टन वर उचलला जातो, त्यासोबत निडल वर येते, निमुळता भाग जेटमध्ये आल्याने फट मोठी होते आणि पेट्रोल जास्त जातं. हवा कमी झाली की पिस्टन आपोआप खाली. चोक ओढला की जेटच थोडा खाली सरकतो, म्हणजे फट वाढते. ‘ह्यात लपवायला काय न्हाई,’ मिस्त्री म्हणाले, ‘सगळं डोळ्याला दिसतं.’

आमचा एचएस २ जातीचा, म्हणजे सव्वा इंची, आणि जेटचं भोक ०.०९० इंचाचं. या मापाच्या भोकात सुईने, तारेने खरवडायचं नाही. पितळ मऊ असतं, भोक जरा मोठं झालं की ती मोजणीच बिघडते. थिनरमध्ये रात्रभर भिजवणं, मऊ ब्रश आणि कॉम्प्रेसरची हवा, एवढंच. डॅशपॉट आणि पिस्टन यांना पॉलिश पेपर तर अजिबात लावायचा नाही. ती जोडी कारखान्यात एकमेकांना जुळवून बसवलेली असते, एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या डॅशपॉटला चालत नाही. मी सुती कापड थिनरमध्ये भिजवून पुसत बसले, तीन शनिवार. काळा थर निघून खालचा राखाडी धातू दिसायला लागला तेव्हा उठून आईला बोलावून दाखवला.

मग पडण्याची परीक्षा. पिस्टनच्या तळाची भोकं बोटांनी बंद करायची, डॅशपॉटमध्ये पिस्टन घालून जोडी उलटी धरायची आणि डॅशपॉट स्वतःच्या वजनाने खाली सरकायला किती वेळ लागतो ते मोजायचं. या मापाला तीन ते पाच सेकंद हवेत. आमचा पहिल्यांदा नऊ सेकंद घेत होता, कडेला अजून मळ होता. पुन्हा पुसलं, पुन्हा मोजलं. चौथ्यांदा चार सेकंद. मिस्त्रींनी मान हलवली.

थ्रॉटलची, म्हणजे एक्सलेटरसरशी हवेची चकती फिरवणारी, दांडी मात्र नुसत्या पुसण्याने सुटणारी नव्हती. त्यांनी दांडीचं टोक दोन बोटांत धरून हलवलं आणि ती वर-खाली डुगडुगली. चाळीस वर्षांत भोक झिजून लांबट झालं होतं. तिथून फुकटची हवा आत शिरते, आयडल कधी स्थिर राहत नाही आणि माणूस उगाच जेट फिरवत बसतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दोन दुकानांनी ‘एवढं बारीक काम नको’ म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या लेथवाल्याने बॉडी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिली, दोन्ही भोकं रीमरने सरळ करून पितळी बुश बसवले आणि दांडी नवी करून दिली. चार दिवस, सातशे रुपये. इथे एक धोका आहे. दांडीतली गोल चकती दोन बारीक स्क्रूंनी धरलेली असते आणि त्या स्क्रूंची टोकं फाकवलेली असतात, सुटून इंजिनात पडू नयेत म्हणून. ते स्क्रू एकदा काढले की नवेच वापरायचे आणि टोकं पुन्हा फाकवायची. चकती कुठल्या तोंडाने बसली होती त्याची खूण काढण्याआधीच करून ठेवा.

किटसाठी फोनवर फोन केले. अँबेसिडर पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनायची, २०१४ मध्ये कारखाना बंद झाला, तरी कोलकात्याच्या मलिक बाजारात तिचं सामान अजून मिळतं. तिथल्या एका दुकानदाराने फोटोवरून ओळखून किट पाठवलं: जेट, निडल, फ्लोटची सुई, गॅस्केटं, वॉशर. २,३५० रुपये आणि कुरिअरचे १८०. पार्सल एकोणीस दिवसांनी आलं, तोवर मार्च लागला होता.

जोडणी मार्चच्या तीन शनिवारांत केली. फ्लोटची उंची मिस्त्री ड्रिलच्या बिटाने मापायचे: झाकण उलटं धरायचं, सुई बंद, आणि फ्लोटची पट्टी व झाकणाची कड यांच्यामध्ये चार मिलिमीटरचा बिट जेमतेम सरकला पाहिजे. नंतर जेट मधोमध आणणं, आणि हेच खरं कौशल्य. निडल जेटच्या बरोबर मध्यात उतरली पाहिजे, कडेला घासता कामा नये. जेटचा मोठा नट सैल करायचा, वरून पिस्टन खाली दाबून धरायचा म्हणजे निडल जेटला आपल्या रेषेत आणते, आणि तसाच नट आवळायचा. मग पिस्टन बोटाने वर उचलून सोडायचा. बरोबर असेल तर तो पडताना स्वच्छ ‘टक’ असा धातूचा आवाज येतो.

माझा आवाज येत होता ‘ठप’. नट सैल, पुन्हा दाब, पुन्हा आवळ. आवळताना जेट केसभर फिरतो आणि सगळं जातं. त्या सकाळी मी ते अकरा वेळा केलं. बाराव्यांदा ‘टक’ झालं आणि मिस्त्री, जे डोळे मिटून बसले होते, म्हणाले, ‘हां. आता हात लावू नका.’ तो आवाज मी आधी ऐकलेला होता. अप्पा रविवारी टोपी लावायच्या आधी एकदा पिस्टन उचलून सोडायचे. ते खेळत आहेत असं मला तेव्हा वाटायचं.

जेटचा नट सगळा वर करून तिथून बारा कडा खाली आणला. नटाला सहा कडा, म्हणजे दोन पूर्ण फेरे. सुरुवातीला एवढं ठेवायचं आणि गाडी तापली की बारीक करायचं. डॅशपॉटमध्ये पातळ, वीस नंबरचं इंजिन ऑइल, मधल्या पोकळ दांडीच्या तोंडाच्या जरा वर येईल इतकं. घट्ट तेल घातलं तर पिस्टन जड होतो. डेल्कोचे, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचे, पॉइंट नवे घातले, फट पंधरा थाऊ (इंचाचे पंधरा हजारांश). प्लगची पंचवीस थाऊ. नवी बॅटरी ४,९००.

पाडव्याला, ९ एप्रिलला, गाडी चालू करायची असं घरात ठरलं होतं. भाऊ पुण्याहून आला. गुढी उभारून झाल्यावर बोनेटला हळदकुंकू वाहिलं, नारळ बाजूला ठेवला. मी स्टार्टर मारला. इंजिन फिरत राहिलं, पेटलं नाही. पंधरा-वीस वेळा प्रयत्न केल्यावर बॅटरी दमली. कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडून पाहिली तर पेट्रोलचा थेंब नव्हता. मला रडू आलं. आईने नारळ उचलून देवघरात नेऊन ठेवला.

शनिवारी मिस्त्रींनी आधी ऑइलची डिपस्टिक काढून नाकाशी धरायला सांगितली. पेट्रोलचा वास. इंजिनाच्या कडेच्या पंपाचा डायफ्राम, आतला रबरी पडदा, फाटला होता. त्यामुळे पेट्रोल वर चढत नव्हतं, आणि पंपापर्यंत आलेलं थोडंफार खाली इंजिन ऑइलमध्ये उतरत होतं. अशा पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं असतं तर बेअरिंग गेल्या असत्या, म्हणजे पाडव्याला गाडी पेटली नाही हे बरंच झालं. पंपाचं किट गावातच मिळालं, ४५० रुपये. ऑइल पुन्हा बदललं. तुम्ही कार्ब्युरेटर काढाल तेव्हा पंपही त्याच दिवशी उघडा. दोघांचं रबर एकाच वयाचं असतं.

शनिवार, २० एप्रिल, सकाळी दहा वाजून काही मिनिटं. चोक पूर्ण ओढला, स्टार्टर मारला, तिसऱ्या प्रयत्नात एक फुसका आवाज, आणि चौथ्यात इंजिन पेटलं. सायलेन्सरमधून आधी पांढरा धूर आणि चार वर्षांची काजळी भिंतीवर. मी चोक हळूहळू आत ढकलला. आई स्वयंपाकघरातून नुसती आवाज ऐकून आली, हाताला पीठ होतं. ती काही बोलली नाही, पुढच्या मडगार्डवर हात ठेवून उभी राहिली. त्या हाताचा पिठाचा ठसा मी दोन आठवडे पुसला नाही.

तापल्यावर हवा-पेट्रोलचं मिश्रण असं तपासतात: बारीक स्क्रूड्रायव्हरने पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन लगेच बसायला लागलं तर कमी, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाली तर बरोबर. एका वेळी नटाची एकच कड फिरवायची आणि मग थांबून ऐकायचं.

तरीही मे महिना त्रासात गेला. आयडलला बरोबर केलं की रस्त्यावर वेग घेताना झटके. रस्त्यावर नीट चालेल असं केलं की आयडलला काळा धूर. आधी विमा उतरवला, कारण त्याशिवाय गेटबाहेर काढणं चूक. हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टीचा मूळ हप्ता तेव्हा ३,४१६ रुपये होता, जीएसटी धरून चार हजारांच्या वर गेला. ब्रेकचं काम मी गॅरेजला दिलं होतं, चारही चाकांचे सिलिंडर जाम झालेले, ९,४०० रुपये. तिथे स्वतः शिकत बसण्यात अर्थ नव्हता.

२५ मे ला पीयूसीला नेली. सेंटरवरच्या मुलाने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि आकडा आला कार्बन मोनॉक्साइड ५.२ टक्के. एवढ्या जुन्या चारचाकीला मर्यादा ३ टक्के. नापास.

त्या रात्री सगळे फोटो पुन्हा काढून पाहिले. जुन्या निडलच्या मानेवर बारीक अक्षरं कोरलेली होती. नवी निडल बसवण्याआधी तिचाही फोटो काढला होता, आणि तिच्यावरची अक्षरं वेगळी होती. निडलची जाडी टोकापर्यंत कुठे किती, हे त्या अक्षरांवरून ठरतं. दिसायला दोन्ही अगदी सारख्या. किटमध्ये दुसऱ्याच कुठल्या इंजिनाची निडल आली होती आणि मी ‘नवी आहे’ म्हणून डोळे झाकून बसवली होती. म्हणूनच एका ठिकाणी बरोबर केलं की दुसरीकडे बिघडत होतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: जुना भाग टाकून देऊ नका, आणि किटमधलं काहीही बसवण्याआधी कोरलेली अक्षरं जुळवून पाहा.

जुनी निडल वाटी क्रमांक सातमध्ये होती. मिस्त्रींनी ती उजेडात धरून फिरवली. कुठे घासल्याची चमक नाही, वाकलेली नाही. पिस्टनच्या तळाशी खांदा बरोबर सपाट येईल अशी बसवली, जेट पुन्हा मध्यात आणला. या वेळी तिसऱ्या प्रयत्नात ‘टक’ झालं. ८ जूनला पहिल्या पावसात पुन्हा पीयूसी: २.२ टक्के. १२५ रुपये आणि कागद हातात. मिस्त्रींना तो कागद नेऊन दाखवला, त्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. सगळ्या कामाचे ते पैसे घेत नव्हते. बळेबळेच चार हजार दिले.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रंकाळ्यापर्यंत जाऊन येत राहिले. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. फॉर्म २५ पोर्टलवर भरला, शुल्क ५,०००, पर्यावरण कर ३,०००, तपासणीची तारीख २५ सप्टेंबर मिळाली. (ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या अशा गाड्यांचं शुल्क १०,००० झालंय, त्याप्रमाणे हिशेब धरा.) आरटीओत साडेनऊला पोचले, नंबर एकला आला. निरीक्षकांनी चॅसी नंबरचा पेन्सिल प्रिंट मागितला, दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले. डावा वायपर अर्ध्यावर अडकला आणि मागचा एक रिफ्लेक्टर नव्हता. ‘दोन्ही करून आणा.’ चॅसी नंबरवरची घाण आणि रंग घरूनच साफ करून नेला असता तर निदान अर्धा तास वाचला असता. दीडशे रुपयांचा रिफ्लेक्टर, वायपरच्या तारेला ग्रीस, आणि ७ ऑक्टोबरला पुन्हा रांग. या वेळी वीस मिनिटांत झालं. सही करताना निरीक्षक म्हणाले, ‘आयडल छान आहे हो.’ ते एक वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

आरसीचं कार्ड स्पीड पोस्टाने तेवीस दिवसांनी आलं. मुदत नोव्हेंबर २०२९.

नुसत्या कार्ब्युरेटरचा हिशेब असा झाला: किट, कुरिअर, बुश, आणि थिनर-स्प्रेचे ६४० धरून ३,८७०. बाकीचं ब्रेक, बॅटरी आणि कागदांचं.

अजून एक सवय लावून घेतली आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा पुरवठा बंद करून इंजिन चालू ठेवते, फ्लोट चेंबर रिकामं होऊन ते आपोआप बंद पडेपर्यंत. आणि एक रविवार सोडून काळी टोपी काढते. गेल्या वेळी भावाची मुलगी शेडमध्ये आली होती. तिच्या हातात टोपी दिली, तिने ती फ्रॉकला पुसली आणि विचारलं, ‘आत्या, यात तेल का घालतात?’ मी पिस्टन वर उचलून तिला आधी तो आवाज ऐकवला.